बहिणीच्या घरचा बदामी रंग आमच्या हॉलमध्ये हिरवट का दिसतो?

प्रश्न : जुळे सोलापूर

नमस्कार. आमच्या घराला यंदा चौदा वर्षे झाली आणि दिवाळी उरकल्यावर हॉल रंगवायला काढला. आजवर भिंती गडद पिवळ्या होत्या. त्यांच्या जागी डोळ्यांना शांत वाटेल आणि घरातल्या कोणत्याही सामानाशी विसंगत ठरणार नाही असा फिका रंग द्यावा, यावर सगळ्यांचे एकमत होते. मतभेद सुरू झाले ते रंग भिंतीवर चढल्यानंतर.

होटगी रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीच्या हॉलचा रंग आम्हा सर्वांना फार आवडतो. भिजवून सोललेला बदाम जसा दिसतो, तसा तो पांढरा आहे. तिने डब्याच्या झाकणावरची चिठ्ठी जपून ठेवली होती. तोच क्रमांक, तीच कंपनी आणि तोच प्रकार सांगून मी ४ लिटर रंग मशीनवर काढून आणला आणि पेंटरने दिवाणामागच्या लांब भिंतीवर दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पाहिले, तर भिंत बदामी नव्हतीच. ताक ठेवून दिले की वर जी निवळी येते, तिच्यासारखी हिरवट झाक तिच्यावर आली होती. दुपारी हीच भिंत राखाडी वाटते आणि रात्री ट्यूब लावली की मळकट दिसते. आईचे म्हणणे आणखी वेगळे आहे : तिला ती निळसर दिसते. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असून आता तिला अगदी स्वच्छ दिसते, त्यामुळे तिचे मत मला बाजूला सारता येत नाही.

हॉल बारा बाय सोळा फुटांचा असून उंची दहा फूट आहे. मोठी खिडकी उत्तरेला, रस्त्याकडे उघडते आणि रंगवलेली भिंत बरोबर तिच्यासमोर आहे. पूर्वेला एक लहान खिडकी आहे, पण शेजारचे घर जवळ असल्याने तिच्यातून उजेड बेताचाच येतो. खाली पॉलिश केलेली शहाबादी फरशी आहे आणि छताजवळ दोन एलईडी ट्यूब आहेत. एक गोष्ट मला उलगडलेली नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. दिवाणावर नेहमी मरून रंगाची सोलापुरी चादर असते आणि तिच्या वरच्या हातभर पट्ट्यात भिंतीचा रंग जवळजवळ बहिणीकडच्यासारखा दिसतो.

रंग काढताना दुकानात चूक झाली असेल का? पांढराशुभ्र रंग द्यावा असेही सुचवले गेले आहे, पण आई सकाळी खिडकीजवळ बसून पोथी वाचते आणि तिला भिंतीची चमक सहन होत नाही. उरलेल्या तीन भिंती रंगवण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : रेल्वे लाइन्स

मी घरांच्या अंतर्रचनेचे काम करते. दुकानात चूक झाली असण्याची शक्यता फार कमी वाटते. तरीही खात्री करायची असेल, तर आपल्याकडचा थोडा रंग एका कार्डावर दोन हात देऊन वाळवा आणि ते कार्ड ताईंच्या भिंतीवर टेकवून पाहा. तिथे ते भिंतीत मिसळून गेले, तर रंग तोच आहे आणि फरक आपल्या हॉलमध्ये आहे असे समजावे.

गडद रंगाला स्वतःचे इतके बळ असते की खोली कशीही असली तरी निळा निळाच दिसतो. फिक्या रंगाचे तसे नाही. मशीनवर अशी छटा काढतात तेव्हा पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, थोडा लाल ऑक्साइड आणि काळा रंग अगदी थेंबांच्या हिशोबाने पडतो. बाकी सारे पांढरेच असते, आणि पांढरी भिंत म्हणजे तिच्यावर पडेल तो उजेड परत देणारी भिंत. त्यात पिवळ्यात काळा मिसळला की परिणाम हिरवटाकडे झुकतो, हे जलरंगांनी चित्रे काढलेल्या कोणालाही ठाऊक असेल. आपण निवडलेल्या छटेत लाल कमी आणि काळा किंचित जास्त असावा असा माझा अंदाज आहे. शेडकार्डाच्या ज्या पट्टीवर ती आहे, त्याच पट्टीवरचा सर्वांत गडद चौकोन पाहा. फिक्या चौकोनात लपलेला कल तिथे उघड दिसतो. तो शेवाळी किंवा ऑलिव्हकडे झुकलेला असेल, तर आपल्या भिंतीत हिरवा मुळातच आहे. ताईंच्या घरी तो दिसत नाही, याचे कारण तिथल्या उजेडात शोधावे लागेल. त्यांच्या हॉलला पश्चिमेची किंवा दक्षिणेची खिडकी आहे का? आणि रात्री तिथे पिवळसर दिवे असतात का?

आता आपल्या हॉलकडे येते. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने थेट ऊन येत नाही, आकाशाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. (सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. तेवढा काळ सोडला, तर तो दक्षिणेकडूनच जातो.) निळसर उजेड पिवळसर भिंतीवर पडला की तिचा उबदारपणा निघून जातो आणि खाली दडलेला हिरवा किंवा राखाडी वर येतो. शहाबादी फरशी स्वतः निळसर-करड्या रंगाची असते. पॉलिश केल्यावर ती खिडकीचा उजेड तशाच थंड रंगात भिंतीवर फेकते. दुपारी भिंत राखाडी दिसते ती यामुळे. रात्रीच्या मळकटपणाचे कारण बहुधा ट्यूबच आहे. तिच्या खोक्यावर ६५०० केल्विन असा आकडा असेल, तर तो थंड पांढरा उजेड आहे. अशा उजेडात बदामी, क्रीम, बिस्किटी या साऱ्या छटा निस्तेज दिसतात. ३००० केल्विनच्या दिव्यात त्याच छटा पिवळ्याधमक होतात. ४००० केल्विन हा मधला मार्ग माझ्या अनुभवात फिक्या रंगांना सर्वांत मानवतो.

सकाळच्या हिरव्या झाकेचा मात्र एवढ्याने उलगडा होत नाही. रस्त्यापलीकडच्या घराचा रंग कोणता आहे, हे कृपया कळवावे.

चादरीविषयी आपण लिहिलेत ते फार बरे झाले, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. खिडकीचा उजेड मरून चादरीवर पडतो, तिथून तांबूस होऊन वरच्या भिंतीवर जातो आणि तेवढ्या पट्ट्यात हिरव्याला झाकतो, कारण लाल आणि हिरवा एकमेकांना मारक आहेत. म्हणजे आपल्या भिंतीला तांबूस रंगाचा एक कणभर अंश हवा आहे, हे चादरीनेच दाखवून दिले आहे.

आईंचेही बरोबर आहे. वय वाढते तसे डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर होत जाते आणि निळा उजेड अडवू लागते. शस्त्रक्रियेत ते काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले की अडवलेला निळा पुन्हा दिसू लागतो, म्हणून अनेकांना त्यानंतर पांढऱ्या वस्तू अधिक निळसर आणि अधिक लख्ख दिसतात. एकच भिंत आपल्याला हिरवट आणि त्यांना निळसर दिसत असेल, तर दोघांनाही खरेच तसे दिसते आहे. जी व्यक्ती त्या भिंतीसमोर रोज सर्वाधिक वेळ बसते, तिच्या डोळ्यांना प्राधान्य द्यावे असे मी प्रत्येक घरी सांगते.

पुढचा रंग शेडकार्डावरून ठरवू नका आणि भिंतीवर लहान चौकोन मारूनही ठरवू नका, कारण शेजारचा जुना पिवळा रंग त्या चौकोनाला हमखास निळसर भासवेल. दोन बाय दोन फुटांचे हार्डबोर्डचे तीन तुकडे घ्या, त्यांना पांढरा प्रायमर द्या आणि प्रत्येकावर एकेका छटेचे दोन पूर्ण हात मारा. ते तुकडे एक दिवस खिडकीसमोरच्या भिंतीला आणि एक दिवस खिडकीच्या बाजूच्या भिंतीला उभे करून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहा. प्रत्येक वेळी शेजारी कोरा पांढरा कागद धरा, म्हणजे झाक कोणती आहे हे लगेच कळते. एक छटा आताचीच ठेवा, दुसरी थोडी तांबूस कलाची घ्या आणि तिसरी त्या दुसरीहूनही एक पायरी फिकी. चारही भिंती एकाच रंगाच्या झाल्या की उजेड एका भिंतीवरून दुसरीवर जात राहतो आणि प्रत्येक फेरीत छटा थोडी गडद होत जाते. म्हणून कार्डावर जी अगदी नेमकी वाटते, ती चार भिंतींवर बहुतेक वेळा जास्तच होते.

शेडकार्डाच्या मागे कधी कधी एलआरव्ही नावाचा आकडा छापलेला असतो. पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो ते त्यावरून कळते. काळ्याचा आकडा शून्याकडे आणि पांढऱ्याचा शंभराकडे असतो. उत्तरेच्या उजेडाच्या खोलीसाठी मी ७० ते ८० यांच्यामधली छटा पाहते. त्याखाली खोली अंधारते आणि फार वर गेले, तर आईंना त्रास देणारी चमक परत येते.

उत्तर : साखर पेठ

साहेब, मी तीस वर्षे रंगकाम करतो. ताईंनी उजेडाचे सांगितले ते सर्व बरोबर आहे, परंतु माझी पहिली शंका वेगळी आहे. जुना गडद पिवळा रंग पूर्ण झाकला गेला आहे का? त्यावर पुट्टी आणि पांढरा प्रायमर न देता थेट फिका रंग मारला असेल, तर दोन हातांतूनही खालचा पिवळा डोकावतो, आणि वरच्या राखाडी-पांढऱ्याशी मिळून हिरवट भास वाढवतो. याची परीक्षा सोपी आहे. छापील वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्याच रंगाचे दोन हात द्या आणि वाळू द्या. अक्षरे दिसत राहिली, तर हा रंग जुन्या पिवळ्याला झाकू शकणार नाही, हे नक्की. अशा वेळी तिसरा आणि चौथा हात मारत बसण्यापेक्षा प्रायमरवर खर्च करावा. तो स्वस्त पडतो आणि काम पक्के होते.

रंग ओला असताना कोणताही निर्णय करू नये. चुना ओला असताना फिकट, पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, पण प्लास्टिक पेंट वाळल्यावर थोडा गडद होतो. पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

फिक्या रंगाखाली भिंतीचा दोष लपत नाही, म्हणून त्यात निम्मी मेहनत भिंत तयार करण्याची असते. आपल्याकडे काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराच्या पायाबरोबर भिंतीही हलतात, त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या बारीक चिरा जातात. गडद रंगात त्या नजरेत येत नाहीत. बदामी भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढावी तशा दिसतात. अशी चीर पट्टीने थोडी उघडून, धूळ झाडून तिच्यात लवचीक क्रॅक फिलर भरावा. नुसती पुट्टी ओढली, तर पुढच्या मे महिन्यात ती चीर पुन्हा त्याच जागी येते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्यापूर्वी भिंत पाण्याने ओलसर करून घ्यावी, कारण कोरडी भिंत पुट्टीतले पाणी शोषून घेते आणि नंतर भुकटी सुटते. आपल्या भागात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारट आणि जड असते. पुट्टी कालवायला ते वापरू नका. नळाचे पाणी बादलीत साठवून घ्या, नाहीतर क्षार भिंतीवर उमटतात आणि फिक्या रंगावर ते डाग लगेच दिसतात.

पुट्टी वाळून पॉलिश पेपरने घासून झाली की रात्री खोलीतले दिवे बंद करून एक हातदिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून धरावा. उजेड भिंतीवरून आडवा सरपटत जातो आणि पट्टीचे प्रत्येक वळ, प्रत्येक खळगा सावली टाकतो. त्या खुणांभोवती पेन्सिलीने गोल करून सकाळी तेवढीच दुरुस्ती करतो. मालकांना हे आधी दाखवले की प्रायमरनंतर वाद होत नाहीत.

आपण हंगाम योग्य निवडला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे रंगाचा उत्तम काळ असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे गेला की रोलरचा एक पट्टा ओढून दुसरा जोडेपर्यंत पहिला वाळून जातो आणि दोन्हींचा जोड कायमचा दिसत राहतो. त्या दिवसांत काम करायचेच झाले, तर मी सकाळी लवकर सुरू करतो आणि पंखा बंद ठेवतो.

उरलेला हिरवट रंग जपून ठेवा. अडीच लिटरच्या आसपास असावा. जिन्याच्या किंवा कोठीच्या खोलीला तो पुरेल. त्यात हाताने लाल स्टेनर (छटा बदलायला मिसळायचा गडद रंग) टाकून दुरुस्त करून देतो असे कोणी म्हणाले, तर मोह टाळावा. हाताने काढलेली छटा पुन्हा तशीच काढता येत नाही आणि शेवटच्या भिंतीला रंग कमी पडला की अडचण होते. मशीनवर काढलेला रंगसुद्धा सगळा एकाच वेळी आणावा आणि सर्व डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरावेत, कारण दोन डब्यांमध्ये केसभर फरक निघू शकतो. पुढे डाग पडल्यास मध्येच ठिगळ मारू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्या.

उत्तर : अशोक चौक

आमच्या घराच्या तळमजल्यावर यंत्रमाग आहेत आणि वर आम्ही राहतो, त्यामुळे सुताची बारीक पिंजण आणि धूळ यांच्याशी रोजचा सामना असतो. आपल्या घरी माग नसले, तरी सोलापुरातल्या उन्हाळ्यातली धूळ कोणाला चुकलेली नाही, म्हणून फिनिशविषयी लिहिते.

पूर्ण मॅट रंग दिसायला सर्वांत सुरेख असतो आणि भिंतीचे उंचसखलपण झाकतो, हे खरे आहे. मात्र आम्ही तो दिवाणामागच्या भिंतीला दिला, तेव्हा डोके टेकून टेकून वर्षभरात तेलकट गोल डाग पडला आणि तो ओल्या फडक्याने पुसल्यावर डागाच्या जागी चकाकणारा चट्टा उरला, जो नंतर गेलाच नाही. पुढच्या वेळी त्याच छटेत हलकी तकाकी असलेला, धुता येणारा प्रकार घेतला आणि मागच्या तीन वर्षांत दर महिन्याला पुसूनही भिंत एकसारखी राहिली आहे. पूर्ण चकाकणारा मात्र घेऊ नये, कारण त्यात समोरची खिडकी उमटते आणि आपल्या आईंना तोच त्रास होईल. सुताची पिंजण कोरड्या पिसाच्या झाडणीने काढावी. प्रथम ओले फडके लावले, तर तिचा लगदा होऊन करड्या रेघा उमटतात.

उत्तर : भवानी पेठ

माझे वय ७६ आहे. आमच्या लहानपणी भिंतींना चुना दिला जाई, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ घालत. पिवळटपणा मारायला निळा, हे तेव्हा गवंड्यापासून धोब्यापर्यंत सर्वांना ठाऊक होते. रेल्वे लाइन्सच्या ताईंनी हिरव्यावर लालाचा उपाय सांगितला आहे, त्याचे मूळही तेच आहे.

माझे वडील गिरणीत कापडाच्या घडाई खात्यात होते. दोन ताग्यांची छटा एकच आहे का हे पाहायचे झाले, तर ते ते कापड उत्तरेच्या खिडकीशी नेत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभरात सर्वांत कमी बदलतो आणि कापडाची खोड लपू देत नाही. आपल्या हॉलला उत्तरेची खिडकी आहे, याला अडचण मानू नये. तिथे छटेची खोड लगेच लक्षात येते. त्या ताग्यांमध्ये मला सर्वांत आवडे तो कोऱ्या मांजरपाटाचा रंग. तो ना पिवळा, ना गुलाबी, ना करडा, तरीही पांढऱ्याहून उबदार. पुढच्या फळीवर तसा रंग काढून पाहावा, अशी माझी सूचना आहे.

आणखी एक सांगतो, कारण अनेकांचा गैरसमज असतो. फिक्या रंगाने घर थंड राहते हे बाहेरच्या भिंतींना आणि गच्चीला लागू पडते, कारण ऊन तिथे पडते. आतल्या भिंतीचा रंग उजेड वाढवतो, पण उकाड्यात त्याने फारसा फरक पडत नाही. त्यासाठी उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर चुन्याचा हात द्यावा.

प्रश्नकर्ता : जुळे सोलापूर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे करून पाहिले, म्हणून आठवड्याने कळवतो आहे.

कार्ड बहिणीच्या भिंतीवर टेकवले आणि ते दिसेनासे झाले. रंग तोच आहे. तिच्या हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, खाली क्रीम रंगाची गुळगुळीत टाइल आहे आणि रात्री तिथे पिवळसर दिवे असतात. म्हणजे रेल्वे लाइन्सच्या ताईंचा अंदाज तंतोतंत खरा निघाला. शेडकार्डाच्या पट्टीवरचा सर्वांत गडद चौकोनही ऑलिव्ह रंगाचाच आहे.

रस्त्यापलीकडच्या घराला गेल्या महिन्यात पिस्ता रंग दिलेला आहे. रोज डोळ्यांसमोर असूनही त्याचा आमच्या भिंतीशी संबंध असेल असे मनात आले नव्हते. त्या घराचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे. सकाळी साडेआठला तिरपे ऊन छज्ज्याखाली शिरून ती भिंत उजळते. मी आमच्या खिडकीत पांढरा कागद धरला, तर कागदही हिरवा झाला. दुपारी छज्ज्याची सावली त्या भिंतीवर आली आणि कागद पुन्हा पांढरा दिसू लागला. खिडकीला जाड पांढरा पडदा ओढून पाहिला, तेव्हा हिरवी झाक निम्म्याहून कमी झाली.

पेंटरने प्रायमर दिलेला नव्हता. वर्तमानपत्राच्या परीक्षेत मथळ्याची अक्षरे दोन हातांनंतरही वाचता येत होती. आता तो पूर्ण हॉलला पुट्टी आणि प्रायमर देण्यास तयार झाला आहे. हातदिव्याची परीक्षा आम्ही दोघांनी मिळून केली आणि एकाच भिंतीवर एकवीस गोल काढले.

तीन फळ्यांपैकी आताची छटा सकाळी सरळ हिरवी दिसते. किंचित तांबूस कलाची दुसरी छटा दिवसा सुंदर वाटते, परंतु आईच्या मते संध्याकाळी ती साबणाच्या वडीसारखी गुलाबी होते. तिच्याहून एक पायरी फिकी असलेली तिसरी फळी आईने सकाळी पोथी वाचताना समोर ठेवली आणि पाऊण तासाने सांगितले की हिच्याकडे लक्ष गेलेच नाही. भवानी पेठेतल्या काकांच्या सूचनेवरून कपाटातला कोरा मांजरपाट काढून तिच्याशेजारी धरला, तर दोन्ही एकमेकांच्या फार जवळ निघाले. आमची निवड झाली आहे. ट्यूबही ४००० केल्विनच्या आणल्या आहेत.

आता दोनच प्रश्न राहिले. छत आणि दरवाजे पांढरेशुभ्र ठेवावेत का? आणि रंग किती आणावा?

उत्तर : रेल्वे लाइन्स

आईंनी निवड केली, याचा मनापासून आनंद झाला.

छताला निळसर पांढरा देऊ नये. त्याच्याशेजारी आपली मांजरपाटी भिंत जुनी आणि पिवळी पडल्यासारखी दिसेल. भिंतीचीच छटा निम्म्या तीव्रतेने काढून मागावी. मशीनवर तशी मिळते. छताला मात्र पूर्ण मॅट फिनिशच असावे.

दरवाजांना पांढरा ऑइल पेंट देणार असाल, तर दोनदा विचार करावा, कारण तो काळाबरोबर पिवळा पडतो आणि उजेड न पोहोचणाऱ्या जागी, जसे दाराच्या मागच्या बाजूला, आणखी लवकर पडतो. पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) इनॅमल घेतल्यास हा त्रास फार कमी होतो. जुना ऑइल पेंट काढताना कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला आणि आपले दरवाजे त्याआधीचे आहेत. पाणी लावून घासावे, मास्क बांधावा आणि ते काम होईपर्यंत आईंना व मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवावे.

उत्तर : साखर पेठ

साहेब, हिशोब असा करा. चार भिंतींची एकूण लांबी ५६ फूट आणि उंची १० फूट, म्हणजे ५६० चौरस फूट झाले. दारे-खिडक्यांचे साधारण ८० वजा केले, तर ४८० उरतात. चांगल्या पुट्टी-प्रायमरवर १ लिटरमध्ये दोन हातांचे सुमारे १२० चौरस फूट होतात, त्यानुसार भिंतींना ४ लिटर लागतील. मी ४ लिटरचा एक आणि १ लिटरचा एक असे दोन डबे एकदमच आणायला सांगेन. छत १९२ चौरस फुटांचे आहे, त्याला २ लिटर पुरतील. जे उरेल ते लहान बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा आणि बाटलीवर छटेचा क्रमांक व तारीख लिहा. आपल्या ताईंनी जपलेली चिठ्ठी या वेळी कामाला आली, तशी ही पुढे कोणाच्या तरी कामाला येईल. फक्त त्यांना हॉलची खिडकी कोणत्या दिशेला आहे, तेही सोबत लिहून द्या.